कुडाची भिंत : जपानची आणि गडचिरोलीची

वैशाखात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि विजेचे बिल फुगत जाते. ओसरी, कौले व मातीच्या जाड भिंती असलेली जुनी घरे पाडून आपण काय मिळविले आणि काय गमावले, याचा ताळेबंद आता मांडावयास हवा.

या संदर्भात जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील पारंपरिक घराच्या भिंतीस ‘त्सुचिकाबे’ म्हणतात. लाकडी चौकटीत बांबूच्या कामट्यांची जाळी दोरीने बांधावयाची आणि तिच्यावर पेंढा मिसळलेल्या मातीचे थर द्यावयाचे, ही तिची रीत. गडचिरोलीतील कुडाची भिंत याहून फारशी निराळी नाही. तेथील ‘एन्गावा’ आपल्या ओसरीची आठवण करून देते, तर ‘सुदारे’ हा कामट्यांचा पडदा ऊन अडवून वारा आत घेतो.

जपानमध्येही कारखानी साहित्याने मातीला मागे सारले. तथापि काही वास्तुविशारद मातीच्या भिंतीला उष्णतारोधक थराची व दुहेरी काचेच्या खिडक्यांची जोड देतात. एप्रिल २०२५ पासून तेथे नव्या घरांना ऊर्जाबचतीचे निकष बंधनकारक झाले आहेत.

मात्र सरसकट नक्कल उपयोगाची नाही. जपानचा उन्हाळा दमट, म्हणून तेथे चोहोबाजूंनी मोकळे घर सोयीचे ठरले. आपला उन्हाळा कोरडा. येथे घर दिवसा बंद व रात्री खुले ठेवावे लागते. म्हणून सावली व लाकडी सांध्यांचे कसब जपानकडून घ्यावे, भिंतीची जाडी आपलीच ठेवावी.

कच्चा माल दाराशी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला. २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्याचबरोबर चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला फेब्रुवारी २०२२ मध्ये लागलेली आगही विसरता येत नाही. उघडा बांबू पेट घेतो. मातीचा जाड लेप त्याला आगीपासून संरक्षण देतो. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरविलेल्या बांबूला भुंगा सहसा लागत नाही.

नवे घर बांधणाऱ्या कुटुंबाने सारेच मातीचे बांधावे, असे नाही. पश्चिमेला रुंद ओसरी, स्लॅबवर कौलारू छप्पर आणि दोहोंमध्ये हवा खेळण्यापुरती जागा, एवढे जरी नकाशात धरले तरी पुढील कित्येक उन्हाळ्यांचा खर्च हलका होतो. हा खर्च पायाभरणीपूर्वी ठरविला तर थोडक्यात भागतो. घर उभे राहिल्यावर तोच दुप्पट वाटू लागतो.