महामहम कुंडात एक गोळी

कुंभकोणमचं महामहम कुंड सुमारे ६.२ एकरांचं आहे. दर बारा वर्षांनी तिथे स्नानाला लाखोंची गर्दी लोटते. मागचं महामहम २०१६ साली झालं. कुंडात दीड मीटर पाणी आहे असं धरू आणि त्यात ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनची एकच गोळी पूर्ण विरघळवू. पाणी भरतं पावणेचार कोटी लिटर, म्हणजे सुमारे पंचाहत्तर हजार कोटी थेंब. त्यातला कुठलाही थेंब उचला, त्यात ॲस्पिरिनचे १४४ कोटींच्या आसपास रेणू सापडतील. जवळजवळ भारताच्या लोकसंख्येइतके! अख्ख्या गोळीतले रेणू मोजायचे तर दहा हजार परार्ध होतात.

एवढे रेणू पोटात जाऊनही बहुतेकांचं काही बिघडत नाही. मात्र प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे ७ टक्क्यांना, आणि तीव्र दमा असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना ते सोसत नाहीत. यांतल्या बहुतेकांच्या नाकात पॉलिपही वाढलेले असतात. हे त्रिकूट फर्नां विदाल यांनी पॅरिसमध्ये १९२२ सालीच नोंदवलं होतं. अशा रुग्णाला गोळीचा पाचवा हिस्साही पुरतो. तासा-दोन तासांत नाक चोंदतं, डोळे लाल होतात, छाती आवळते.

ॲस्पिरिन कॉक्स-१ हे एन्झाइम बंद पाडतं. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई-२ घटतं, मास्ट पेशींवरचा लगाम सुटतो आणि श्वासनळ्या आवळणाऱ्या ल्युकोट्राइनांचा लोंढा येतो. हा लोंढा लघवीत मोजायचा तो पिकोग्रॅममध्ये. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग! पण श्वासनळ्या आवळण्यात ल्युकोट्राइन डी-४ हिस्टामिनच्या सुमारे हजारपट जबर आहे.

आणि यावर उपचार म्हणून दिली जाते तीही ॲस्पिरिनच. डॉक्टरांच्या नजरेखाली साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, मधे काही तास थांबत, मात्रा ३२५ पर्यंत चढवतात. पुढे काहींना ६५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. म्हणजे सुरुवातीच्या मात्रेच्या बत्तीसपट, रोज. मला सगळ्यात थक्क करतं ते हे, की एवढं करूनही ल्युकोट्राइन बरेचदा चढेच राहतात. कमी होतात ते नाकाच्या अस्तरातल्या पेशींवरचे त्यांना पकडणारे ग्राही. प्रोस्टाग्लँडिन डी-२ उतरतं, दाह पेटता ठेवणारा इंटरल्युकिन-४ चा संदेशही दबतो. पॉलिप सावकाश वाढतात, कित्येकांना वास पुन्हा येऊ लागतो, स्टिरॉइडची गरज घटते. दाह निवतो, समूळ जात नाही. दोन-तीन दिवस गोळी चुकली की ही सहनशक्ती ओसरू लागते, आणि मग पुन्हा पहिल्या पायरीपासून, तेही डॉक्टरांच्या नजरेखालीच. शिवाय एवढ्या ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असतोच, म्हणून हा उपचार प्रत्येकाला देता येत नाही.

दमा आणि नाकात पॉलिप, दोन्ही असतील, तर हा प्रयोग घरी कधीही करू नका. ॲस्पिरिनच नव्हे, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेण्याआधीही डॉक्टरांना विचारा. आणि पूर्वी एखाद्या गोळीने धाप लागली असेल, तर ते त्यांना आवर्जून सांगा.