आंबट भाताची मूद

‘मावशी, सुशी खायला चल,’ भाचीनं सांगितलं तेव्हा मी अशोका गार्डनमधल्या घराच्या ओट्यावर मटार सोलत बसले होते. ही पोर पुण्यात जपानी शिकली आणि तिथल्याच एका जपानी कंपनीत दुभाष्याचं काम करते. सुट्टीत भोपाळला आली की मला काहीतरी नवीन दाखवल्याशिवाय परत जात नाही. मी म्हटलं, ‘कच्चा मासा? मी तर शिजवलेलाही खात नाही.’ ती हसली. ‘तू भात खातेस ना? मग झालं.’

तेव्हा मला ती थट्टा वाटली. पण सुशीबद्दल मी आजवर जे काही ऐकलं, वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य नाही. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे आंबट केलेला भात. मासा असेल तर त्या भाताच्या जोडीला येतो. भाताशिवाय नुसता कच्चा मासा कापून वाढला तर त्याला साशिमी म्हणतात, तो पदार्थच वेगळा.

भाताशी आमच्या घराण्याचं नातं जुनं. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सचिवालयातल्या फायलींबरोबर माझे वडीलही आले. सीहोरच्या शरबती गव्हाच्या या मुलखात आईनं वरणभात आणि गोळाभात सोडला नाही. शेजारणी म्हणायच्या, ‘आप लोग चावल बहुत खाते हो.’ त्यामुळे भात कसा झालाय हे मला दुरून कळतं.

हॉटेल नव्या शहराच्या बाजूला होतं. काउंटरपलीकडे उभा असलेला आचारी मणिपूरचा होता. भाचीनं त्याच्याशी गप्पा सुरू केल्या आणि मी त्याचे हात बघत बसले. समोर एक उथळ लाकडी भांडं होतं, थेट आपली काठवट. त्यात गरम भात ओतून त्यानं व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं मिश्रण शिंपडलं. मग लाकडी उलथनं तिरकं धरून भात कापल्यासारखा मोकळा केला. घोटला नाही, कारण घोटला की लगदा होतो. मधूनमधून पंख्यानं वारा घातला. लाकूड जास्तीचं पाणी पितं, वाऱ्यानं भात लवकर निवतो आणि दाण्याला चकाकी येते. फ्रीजमध्ये मात्र तो ठेवत नाहीत. थंड भात कडक होतो, म्हणून वाढताना तो अंगाच्या उबेइतकाच हवा.

मग त्यानं ओल्या हातात चिमूटभर भात घेतला आणि दोनतीन हालचालींत लांबट मूद वळली. भाचीनं कानात सांगितलं, ‘निगिरी. म्हणजे मुठीत धरलेली.’ आपण मूद वाटीनं पाडतो, हे लोक मुठीनं वळतात. बाहेरून धरून राहिली पाहिजे आणि तोंडात गेल्याबरोबर विरघळली पाहिजे. लाडू वळणाऱ्या बाईला यातली अवघड गोष्ट सांगावी लागत नाही.

हा भात आंबट का, याची भाचीनं सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती एका तलावापाशी सुरू होते. मासा भातात मुरवून टिकवण्याची रीत आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशातून जपानात पोचली, असं अभ्यासक मानतात. जपानच्या शिगा प्रांतात बिवा नावाचं गोड्या पाण्याचं मोठं सरोवर आहे. तिथे फुनाझुशी हा प्रकार आजही करतात. वसंतात धरलेले गाभोळीचे मासे काही महिने मिठात ठेवायचे, मग धुऊन शिजवलेल्या भाताच्या थरांत लाकडी पिंपात रचायचे, वर दगड ठेवायचा आणि वर्षभर, कधी दोन वर्षं विसरून जायचं. भात आंबतो, त्यातलं लॅक्टिक आम्ल मासा कुजू देत नाही. दूध नासू नये म्हणून आपण त्याचं दही लावतो, त्यामागेही हेच आम्ल आहे. पूर्वी मासा खाऊन तो आंबलेला भात टाकून देत. पुढे लोकांना धीर धरवेना. आंबवणं कमी दिवसांचं झालं आणि भातही खाल्ला जाऊ लागला. शेवटी आंबवायचंच टाळून सरळ व्हिनेगर घालू लागले. १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई या विक्रेत्यानं मुठीत वळलेली सुशी लोकप्रिय केली असं मानतात. ती तेव्हा ठेल्यावर उभ्याउभ्या खायची वस्तू होती आणि मूद आजच्या दुप्पटतिप्पट मोठी असे. आपल्याकडे पोह्यांच्या गाडीचं जे स्थान, ते तिचं होतं. महागड्या दिव्यांखाली ती फार उशिरा आली.

आचाऱ्यानं हे ऐकून सांगितलं, ‘हमारे यहाँ भी मछली सड़ाते नहीं, बनाते हैं.’ मणिपुरात लहान मासे वाळवून, मडक्यात दाबून ‘ङारी’ करतात आणि चटणीपासून कालवणापर्यंत सगळ्यात घालतात. लोकटाक सरोवराच्या गावचा मुलगा बिवा सरोवराचा पदार्थ भोपाळच्या तलावाकाठी करत होता. आणि आमच्या तलावाचंही जपानशी नातं आहे. बडा तालाब आणि छोटा तालाब यांच्या शुद्धीकरणासाठी १९९५ मध्ये जपानच्या कर्जातून भोज वेटलँड प्रकल्प सुरू झाला. सांडपाणी वळवणं, गाळ काढणं, मूर्तिविसर्जनाची वेगळी सोय अशी कामं त्यात झाली. २००२ मध्ये या दोन्ही तलावांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. बिवा त्या यादीत १९९३ पासून आहे.

मात्र इथे एक सावधगिरीची सूचना. तलावातला किंवा नदीतला मासा घरी आणून कच्चा खायचा विचारही करू नका. गोड्या पाण्यातल्या माशांत यकृतात शिरणारे परजीवी असू शकतात. फुनाझुशीतला मासा कच्चा दिसला तरी मीठ आणि आम्ल यांत वर्षभर मुरलेला असतो. समुद्रातल्या माशांतही कृमी असतात, म्हणून कच्चे खायचे बहुतेक मासे आधी उणे २० अंशांवर ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांवर १५ तास गोठवतात. घरचा फ्रीजर त्याला पुरेसा भरवशाचा नाही. शिवाय गोठवण्यानं कृमी मरतात, जिवाणू सगळे मरत नाहीत. त्यामुळे समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरात ‘मासा ताजा आहे का’ याऐवजी ‘गोठवलेला कसा आणला आणि कधी वितळवला’ हे विचारणं शहाणपणाचं. भाचीनं ते विचारलं, उत्तर पटलं आणि मगच साल्मन मागवला. गंमत म्हणजे सुशीवरचा हा गुलाबी साल्मन जपानी परंपरेतला नाही. तिकडच्या साल्मनमध्ये कृमी सापडत म्हणून तो कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेनं आपला पाळीव साल्मन चिकाटीनं जपानला विकला, तेव्हा तो सुशीवर चढला.

माझ्यासाठी आली काकडीची काप्पामाकी. बांबूच्या छोट्या चटईवर शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, म्हणजे नोरी, त्यावर भात, मध्ये काकडी आणि मग गुंडाळी. अळूवडीचा उंडा ज्यानं वळलाय त्याला हे हात ओळखीचे वाटतील. दुसऱ्या गुंडाळीत तपकिरी, गोडसर, चिवट पट्ट्या होत्या. ‘कांप्यो,’ भाची म्हणाली. म्हणजे काय? तर दुधी भोपळ्याच्या लांब पट्ट्या काढून, वाळवून, सोया सॉस आणि साखरेत शिजवलेल्या. दुधी बघून नाक मुरडणारी माझी नातवंडं हे ऐकून गप्प झाली असती.

शाकाहारी वाचकांनी एवढं विचारून घ्यावं: कांप्यो किंवा मिसो सूप कशात शिजवलंय? जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचं पाणी सगळीकडे असतं आणि ते बहुधा वाळवलेल्या माशाच्या किसाचं असतं. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. आमच्या आचाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, ‘सूप मत लीजिए, आंटी.’ कांप्यो त्यानं नुसत्या समुद्री शेवाळाच्या पाण्यात शिजवला होता.

आणि आता माझी फजिती. ताटात हिरवा गोळा होता. मला वाटलं, कोथिंबिरीची चटणी. वाटाण्याएवढा गोळा उचलून तोंडात टाकला. जीभ गप्प राहिली, पण नाकातून थेट टाळूपर्यंत वीज गेली आणि डोळ्यांतून पाणी. भाची घाबरली, मी मात्र हसायला लागले, कारण हा वार ओळखीचा होता. आई लोणच्यासाठी मोहरी फेसायची तेव्हा घरभर हाच झणका उठायचा. तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, कारणही लगेच आठवलं. मोहरी आणि वासाबी एकाच कुळातल्या. दोघींच्या पेशी फुटल्या की एक विकर कामाला लागतं आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. ते हवेत उडतं, म्हणून मिरचीसारखं जिभेवर न बसता नाकात चढतं आणि तितक्याच लवकर उतरतं. खरी वासाबी थंड वाहत्या पाण्यात वाढते, महाग असते आणि किसल्यावर पंधरावीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो. म्हणून बहुतेक हॉटेलांत मिळते ती हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांची नक्कल. म्हणजे मी खाल्ली त्यात मोहरीही असणार.

खाण्याच्या रीती सोप्या आहेत. निगिरी हातानं खाल्लेली चालते, त्यामुळे काड्या जमत नसतील तर लाजू नये. सोया सॉसमध्ये भात बुडवायचा नाही, माशाची किंवा भाजीची बाजू टेकवायची. भात बुडवला तर तो खारट होऊन सुटतो. आल्याच्या गुलाबी चकत्या सुशीवर ठेवायच्या नसतात, दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतात. आणि भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. तिकडे मृताच्या नैवेद्याला तसं करतात. पानात वाढलेल्या भाताला पिंडाचा आकार आला तर आपल्याकडेही आजी रागावायची, तसंच.

घरी आल्यावर चार दिवसांनी मी प्रयोग केला. जपानी तांदूळ कुठून आणू? भाचीनं पुण्याहून आणलेला इंद्रायणी होता. आखूड, चिकट, मऊ. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवला, बेताच्या पाण्यात शिजवला. चार चमचे व्हिनेगर, दोन चमचे साखर, पाऊण चमचा मीठ कोमट करून विरघळवलं आणि परातीत भातावर शिंपडलं. आत काकडी, गाजर आणि आपलाच दुधी, साखर-सोया सॉसमध्ये आटवलेला. इंद्रायणीचा सुवास जपानी भाताला नसतो, त्यामुळे जाणकार नाक मुरडेल. आमच्या गल्लीतल्या कुणीच मुरडलं नाही. शेजारच्या मिश्राजींनी तीन तुकडे खाऊन विचारलं, ‘ये भात खट्टा क्यों है?’ मी त्यांना बिवा सरोवरापासून सुरुवात करून सगळं सांगितलं.

तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा मेयोनेज आणि तळलेल्या कुरकुरीत गोष्टींनी भरलेला रोल मागवू नका, त्यात भात हरवतो. साधी काकडीची गुंडाळी मागवा. त्यातला भात कोमट, सुटसुटीत आणि बेताचा आंबट असेल तर पुढचं निर्धास्त मागवा. भात गार आणि घट्ट लागला, तर पाणी पिऊन उठा.