विकासाचा ताळेबंद (लेखांक 6) : येरळेच्या वाळूचा हिशेब

मागच्या लेखात आपण 1987च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालापाशी थांबलो होतो. पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला धक्का न लावता आजच्या गरजा भागवा, असं तो सांगतो. ऐकायला सोपं. पण वाटा कुणाचा, किती आणि तो मोजायचा कसा, इथे गाडी अडते. योगायोग असा, की अहवाल आला त्याच सुमारास सांगलीच्या खानापूर तालुक्यात बलवडीचे शेतकरी हाच हिशेब वाळूच्या ब्रासमध्ये मांडत होते.

येरळा साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णेच्या माथ्यावर महाबळेश्वरचा पाऊस. येरळेच्या नशिबी पर्जन्यछायेतला. पात्र रुंद, पण वर्षाचा बराच काळ पाणी असतं ते वाळूच्या पोटात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2,830 लिटर आकारमान. वाळूच्या कणांमधली पोकळी त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी धरली, तर भिजलेल्या एका ब्रासमध्ये नऊशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. काही कणांना चिकटून राहतं, बाकीचं हळूहळू काठच्या विहिरींकडे पाझरतं. वरची वाळू उन्हाला अडवते, त्यामुळे बाष्पीभवनही कमी. ब्रासभर वाळू एकदा विकली जाते. ही साठवण मात्र दर पावसाळ्यात नव्याने भरत असते.

वाळूच्या लिलावात यातलं काहीच मोजलं जात नाही. सरकारला महसूल, ठेकेदाराला नफा, शहराला स्लॅब. काठच्या विहिरी आटल्या की शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो, गावात टँकर येतो. गंमत म्हणजे वाळूची विक्री, बोअरचा खर्च आणि टँकरचं भाडं, तिन्ही उत्पन्नाच्या आकडेवारीत जमेलाच धरली जातात. नदी रिकामी होत असते आणि जिल्हा कागदावर वाढत असतो.

ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात हा प्रश्न ऐरणीवर आला. 1982च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगारही तेव्हा गावाकडे होते. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर, बलवडीचे संपतराव पवार ही त्यातली नावं. वाळूच्या लिलावांना विरोध झाला. पण चळवळ नुसत्या विरोधावर थांबली नाही. आमची थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून येरळेवर छोटं धरण बांधू, असा प्रस्ताव तिने पुढे केला. अभियंता के. आर. दाते यांच्यासारख्या तज्ज्ञांची साथ मिळाली, लोकांनी श्रमदान केलं. परवानगीसाठी मात्र झगडावं लागलं. बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं ते असं.

मला त्या बंधाऱ्याच्या भिंतीपेक्षा त्यासोबतचे ठराव मोठे वाटतात. या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, आणि पाण्यात वाटा सगळ्यांचा, भूमिहीनांचासुद्धा. साखर कारखान्यांच्या सांगलीत ऊस नको म्हणणं हे धाडसच. राज्यात जेमतेम 4 टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे 70 टक्के पितो, ही आकडेवारी आपण वर्षानुवर्षं वाचतो आणि पान उलटतो. इथे लोकांनी आधी पाणी किती ते पाहिलं आणि मग पीक ठरवलं. विकास आणि पर्यावरणाचा सुवर्णमध्य वगैरे काही शोधत बसले नाहीत. मर्यादा आखली आणि तिच्या आत उत्पन्न वाढवायला घेतलं.

हा नमुना राज्यभर का पसरला नाही? कारण मोठं पाणी येण्याची आशा होती, आणि ते आलंही. ताकारी, टेंभू, जिहे-कठापूर या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी दुष्काळी भागात चढवलं. त्याने लोकांचे हाल कमी झाले, हे नाकारणं करंटेपणाचं ठरेल. शहरात बसून दुष्काळी शेतकऱ्याला काटकसर शिकवणं तर त्याहून वाईट. पण पाण्यामागोमाग ऊसही चढला. हे पाणी विजेवर चढतं, तिचं बिल दर वर्षी येतं. पाण्याच्या समन्यायी वाटपाची मागणी नागनाथअण्णा नायकवडी आणि पाटणकरांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून सातत्याने लावून धरली होती. सातारा-सांगली परिसरातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची ती चळवळ. मागणीतलं पाणी आलं, समन्याय मागे राहिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

येरळा असो की माणगंगा, तुमच्या गावच्या ग्रामसभेपुढे वाळूचा विषय आला, तर दराआधी दोन आकडे मागा: काठच्या विहिरींची मार्चमधली पाणीपातळी आणि पात्रात उरलेल्या वाळूची खोली. ते मिळेपर्यंत ठरावावर सही करू नका.