पंपावरचा आरोप

जुन्या अमेरिकन गाडीचं पॉवर स्टीअरिंग बिघडलं की पहिला संशय पंपावर जातो आणि पहिला खर्चही बहुधा त्याच्यावरच होतो. कारण उघड आहे. या सगळ्या यंत्रणेत बोलणारा भाग तो एकच. तो कण्हतो, घरघरतो, स्टीअरिंग टोकाला नेलं की सुस्कारतो. व्हॉल्व्ह मुका असतो आणि नळ्या फार तर जमिनीवर डाग पाडतात. जो ओरडतो त्याला पकडायचं, हा न्याय गॅरेजमध्येही चालतो. माझं म्हणणं असं की पंपाची चौकशी शेवटी व्हायला हवी. हा क्रम कुणा मिस्त्रीच्या सवयीचा नाही, तो यंत्रणेच्या मूळ कल्पनेतून निघतो. ती कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्या फ्रान्सिस डेव्हिसचं नाव गाडीवेड्यांच्या गप्पांतही क्वचितच निघतं, म्हणून आधी त्याच्याकडे वळू.

डेव्हिस बफेलोच्या पिअर्स-अ‍ॅरो कंपनीत ट्रक विभागाचा मुख्य अभियंता होता. जड ट्रक वळवताना चालकांच्या खांद्यांची काय गत होते, हे त्याला रोज दिसत होतं. त्याच्याआधी कुणी प्रयत्न केले नव्हते असं नाही. पिट्सबर्गच्या रॉबर्ट ट्वायफर्डला १९०० सालीच यांत्रिक पॉवर स्टीअरिंगचं पेटंट मिळालं होतं आणि कोलंबिया कंपनीच्या एका ट्रकवर १९०३ मध्ये स्टीअरिंगसाठी वेगळी विजेची मोटर बसवली गेली होती. पण ते सगळे प्रयोग प्रयोगच राहिले. डेव्हिसने १९२२ मध्ये नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी जागा घेतली आणि जॉर्ज जेसप या कसबी कारागिराला सोबत घेऊन कामाला लागला. त्याला तेलाचा दाब वापरायचा होता आणि पहिली अडचण तिथेच आली. तोवरच्या द्रवचलित यंत्रांत व्हॉल्व्ह बंद असायचा. त्यामागे दाब सतत साठवून ठेवायचा आणि गरज पडली की सोडायचा, अशी रीत होती. सतत दाबाखाली असलेलं तेल प्रत्येक सांध्यातून झिरपत राहायचं.

डेव्हिसने ही रीत उलटी केली. त्याचा व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत उघडा राहतो. गाडी सरळ चालली असताना पंपातून निघालेलं तेल व्हॉल्व्हमधून फिरून जवळजवळ फुकट टाकीत परत येतं. चालकाने स्टीअरिंग किंचित वळवलं की व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे आत सरकणारा दट्ट्या, केसभर सरकतो, एका बाजूची वाट अरुंद होते, आणि चाकांचा विरोध जेवढा असेल तेवढाच दाब चाकं ढकलणाऱ्या सिलिंडरच्या त्या बाजूला चढतो. हात सैल सोडला की स्पूल मधे येतो आणि दाब उतरतो. म्हणजे पंप फक्त तेल वाहवतो. दाब कधी चढायचा, किती चढायचा आणि कोणत्या बाजूला द्यायचा, हे व्हॉल्व्ह ठरवतो. हे एकदा पटलं की दुरुस्तीतली निम्मी गोंधळाची प्रकरणं आपोआप मिटतात.

१९२६ मध्ये डेव्हिसने आपली यंत्रणा बसवलेली पिअर्स-अ‍ॅरो गाडी डेट्रॉईटला नेऊन दाखवली आणि जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. मग मंदी आली. तिच्या कॅडिलॅकसारख्या महागड्या गाडीचा खप इतका आटला की नव्या साच्यांचा खर्च निघेना, आणि १९३४ मध्ये जनरल मोटर्सने हात काढून घेतला.  डेव्हिस पुढे बेंडिक्स कंपनीकडे गेला, आणि युद्धकाळात त्याची यंत्रणा सैन्याच्या चिलखती गाड्यांवर चढली. सर्वसामान्य ग्राहकाला मात्र पॉवर स्टीअरिंग मिळालं ते १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलवर, ‘हायड्रागाइड’ या नावाने. क्रायस्लरने ते डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे तयार केलं होतं. अमेरिकेत तेव्हा पेटंट मंजुरीनंतर १७ वर्षं टिकायचं आणि जनरल मोटर्सच्या टाळाटाळीत ती वर्षं उलटून गेली होती. यात क्रायस्लरने चोरी केली असं म्हणता येणार नाही. दोष द्यायचाच तर घरात आलेली वस्तू वीस-पंचवीस वर्षं न ओळखणाऱ्या हिशेबनिसांना द्यावा. स्पर्धकाने बाजार मारल्यावर जनरल मोटर्स पुन्हा डेव्हिसच्या दारी गेली आणि १९५२च्या कॅडिलॅकवर पॉवर स्टीअरिंग आलं.

आता निदानाकडे. प्राथमिक गोष्टी सगळ्यांना माहीत असतात: तेलाची पातळी, पट्ट्याचा ताण, तेलात शिरलेली हवा. फेसाळलेलं तेल आणि कण्हणारा पंप हे हवेचं लक्षण. स्टीअरिंग टोकाला नेल्यावर पट्टा किंचाळला तर तो घसरतोय. एवढं कानाने कळतं आणि त्यासाठी जुन्या मिस्त्रीचा कान पुरेसा आहे. पण स्टीअरिंग जड येतंय आणि तेल, पट्टा, हवा सगळं ठीक आहे, तेव्हा कान निरुपयोगी ठरतो. दुबळा पंप आणि आतून गळणारा सिलिंडर यांचा आवाज सारखाच असतो. तिथे पंप आणि पुढची यंत्रणा यांच्यामध्ये दाबमापक आणि एक बंद करता येणारी चावी जोडावी लागते. इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर, चावी उघडी असताना चाकं सरळ ठेवली तर दाब साधारण १५० पौंडांच्या आत हवा. मग चावी जेमतेम पाच सेकंद बंद करायची. जास्त वेळ केली तर पंप स्वतःच भाजून निघतो. मॉडेलप्रमाणे ८०० ते १३०० पौंडांपर्यंत दाब चढला, तर पंप निर्दोष. त्यानंतर चावी उघडून स्टीअरिंग टोकाला न्यायचं. आता दाब तेवढा चढला नाही, तर तेल व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलिंडरमध्ये आतल्या आत पळतंय. पाच मिनिटांची ही चाचणी टाळून पंप बदलणं म्हणजे अंदाजाला बिलाचं रूप देणं.

यावर हमखास आक्षेप येतो: पंप बदलल्यावर गाडी सुधारते हे आम्ही कितीदा पाहिलंय! सुधारते, नाकारण्याचं कारण नाही. पण पंप बदलताना जुनं तेल निघतं, नवं भरलं जातं, हवा काढली जाते, पट्टा पुन्हा ताणला जातो, बहुधा एखादी नळीही नवी येते. एकाच दिवशी पाच गोष्टी केल्या आणि श्रेय एकीला दिलं, तर त्याला पुरावा म्हणता येत नाही. पंप झिजतातही, त्यांची पाती आणि आतले व्हॉल्व्ह खराब होतात. म्हणूनच त्यांच्यावर ठपका ठेवण्याआधी त्यांना निर्दोष ठरण्याची संधी द्यायला हवी.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त रस आहे तो एका विशिष्ट रचनेत. १९६३ ते १९८२च्या शेव्हरोले कॉर्व्हेटवर आणि साठच्या दशकातल्या फोर्ड मस्टँगवर व्हॉल्व्ह स्टीअरिंग बॉक्समध्ये नसतो, बाहेर दांड्यांवर असतो. स्टीअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मच्या टोकाचा गोल डोक्याचा स्टड व्हॉल्व्हमधला स्पूल हलवतो आणि बाजूला बसवलेला सिलिंडर दांडीला ढकलतो. रचना उघडी असल्यामुळे चिखल, पाणी आणि जुनाट सील या सगळ्यांचा त्रास तिला होतो. पण उघडी असल्यामुळेच तिच्यावर डेव्हिसची कल्पना डोळ्यांनी पाहता येते. गाडीचा पुढचा भाग उचलून इंजिन सुरू केलं आणि चाकं आपोआप एका बाजूला फिरली, तर त्यासाठी पंपाला जबाबदार धरता येणारच नाही. पंपाला डावं-उजवं कळत नाही. डावीकडे हलकं आणि उजवीकडे जड, ही तक्रारही त्याच कारणाने पंपाची असू शकत नाही. दोन्हींत व्हॉल्व्ह मध्यावर नाही, किंवा स्पूल चिकटतोय.

कॉर्व्हेटचा व्हॉल्व्ह मध्यावर आणण्याची पद्धत तर फारच सुंदर आहे. सिलिंडरचा दांडा चौकटीवरच्या पकडीतून सोडवायचा, व्हॉल्व्हच्या टोकाची पत्र्याची टोपी काढायची आणि इंजिन चालू करायचं. दांडा आत ओढलेला राहिला, तर आतला नट घड्याळाच्या दिशेने फिरवत जायचा, दांडा बाहेर यायला लागेपर्यंत. मग उलट फिरवायचा, तो पुन्हा आत जायला लागेपर्यंत. या दोन टोकांमध्ये नट जेवढा फिरला, त्याच्या बरोबर निम्मा परत फिरवायचा. इथे कसलंही माप घ्यावं लागत नाही. व्हॉल्व्ह स्वतःच आपला मध्य दाखवतो. नवं सील किट घालून व्हॉल्व्ह बसवला आणि ही पायरी गाळली, की दुरुस्त झालेली गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

आणखी एक सापळा चाकांच्या भूमितीत असतो. पॉवर स्टीअरिंग असलेल्या गाडीला जास्त कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वळणाच्या अक्षाला मागे झुकाव, देता येतो, कारण त्याने वाढणारा स्टीअरिंगचा जडपणा यंत्रणा सोसते. त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहते. पण रुंद रेडियल टायर घालून कॅस्टरही वाढवला, तर निरोगी यंत्रणाही पार्किंगमध्ये दमलेली वाटते. फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरवर हात बसलेल्या आपल्या मिस्त्रींच्या हे लवकर लक्षात येतं, कारण त्या गाड्या बहुतांश विनासाहाय्य स्टीअरिंगच्या. स्टीअरिंग जड आलं की बॉल जॉइंट, किंग पिन, टायरमधली हवा आणि ग्रीस पाहायचं, ही त्यांची जुनी सवय अमेरिकन गाडीलाही लागू पडते. बाटलीत मिळणारं गळती थांबवणारं औषध मात्र कुणीच वापरू नये. ते सील फुगवून काही दिवस काम चालवतं, मग तेच सील पिठाळ करून टाकतं.

शेवटचा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी मेहनत कशाला? स्टीअरिंग कॉलममध्ये विजेची मोटर बसवणारी किट मिळतात, ती लावावी आणि मोकळं व्हावं. ज्याला गाडी रोज गर्दीत चालवायची आहे, त्याने ती खुशाल लावावी. नळ्या जातात, गळती जाते, पंपावर खर्च होणारी इंजिनाची ताकद वाचते. फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नये, कारण बिघडलेला भाग तसाच राहतो आणि त्याची गरज तेवढी संपवली जाते. बाहेर व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत तर तो व्हॉल्व्ह काढल्यावर त्याच्या जागी वेगळी दांडी किंवा अडॅप्टर घालावा लागतो, आणि तो भाग हलक्या दर्जाचा निघाला तर स्टीअरिंगमध्ये पूर्वी नव्हता इतका ढिलेपणा येतो. काढलेला व्हॉल्व्ह आणि सिलिंडर भंगारात न घालता तेल लावून गुंडाळून ठेवले, तर पुढच्या मालकाला निवड करण्याची मोकळीक राहते. गाडी विकताना ते दोन्ही डिकीत असतील, तर किंमतही थोडी जास्त सांगता येते.