वचन मिळाले, अर्थ कुठे शोधायचा?

लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये बेळगावात आले. त्याआधी 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार निघाला होता. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे अखंड भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. या सगळ्या काळात मुख्य अडचण ग्रंथ मिळवण्याची होती. ती मिटली ती गेल्या दोन दशकांत. 2008 मध्ये यूव्हर्जनचे बायबल ॲप आले, 2016 मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि बेळगावच्या खासबागेतल्या विणकरालाही मराठी अध्याय फुकट वाचता-ऐकता येऊ लागला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला याचा खास लाभ आहे. मुले कन्नड शाळेत आणि आजी मराठी उपासनेत वाढलेली, अशा घरात एकाच पडद्यावर दोन्ही भाषांतील स्तोत्र शेजारी ठेवता येते.

पण ग्रंथ मिळाला म्हणजे मनन साधले असे नाही. एखाद्या स्तोत्राचा अर्थ मराठीत शोधावा, तर व्हिडिओंचा ढीग पुढे येतो. त्यातल्या कितीतरींवर वक्त्याचे नाव नसते, तो कोणत्या मंडळीचा, कोणत्या भाषांतरावर बोलतो, हेही नसते. हा तपशील किरकोळ नाही. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसलेले टोबितचे पुस्तक शोधणाऱ्याला आपण कोणती आवृत्ती उघडली आहे हे ठाऊक हवेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’वर त्यांचे नाव आहे, शब्दाची जबाबदारी कोणाची, हे वाचकाला कळते. माझ्या मते इंटरनेटवरील साहित्याची पहिली परीक्षा हीच.

मोबाइलने चित्त विचलित होते, हा आक्षेप खरा आहे; मात्र अध्याय आधी उतरवून डेटा बंद ठेवता येतो. एकट्याने वाचणारा भरकटतो, ही भीती अधिक गंभीर. पण ती छापील पुस्तकालाही लागू होती, आणि तेव्हा कौटुंबिक प्रार्थना व रविवारची शाळा तिच्यावर उपाय ठरल्या. आजही घरी वाचलेले मंडळीत पडताळून घ्यावे. भरकटण्याच्या भीतीने वाचन सोडण्याचे कारण नाही.

खरी उणीव पारखलेल्या मराठी साहित्याची आहे, आणि ती भरण्याजोगे पुष्कळ आपल्याकडेच आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1919 मध्ये वारले, रमाबाई 1922 मध्ये. त्यांच्या लेखनावरील हक्कांची मुदत केव्हाच संपली. बेळगाव-निपाणीच्या मंडळ्यांनी आपल्या कपाटांतली जुनी भाष्ये आणि उपासनेची पुस्तके तपासावीत, हक्कमुक्त असतील ती स्कॅन करावीत, आणि लेखकाचे नाव व साल ठळक लिहून सर्वांसाठी खुली करावीत.