आतड्यातील लपलेली गाठ कशी ओळखावी?



कापूस वेचताना धाप लागते, चेहरा फिकट पडतो. अंगात रक्त कमी आहे असे समजून आपण लोहाच्या गोळ्या व जंताचे औषध घेतो. पुष्कळांना त्याने गुण येतो. पण रक्त पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर ते कोठे जाते हे शोधलेच पाहिजे. क्वचित त्याचे कारण लहान आतड्यातील गाठ असते.

लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण त्याच्या सुरुवातीपर्यंत व गुदद्वारातून घातलेली त्याच्या शेवटापर्यंतच पोचते. मधला भाग दिसत नाही. म्हणून दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या तरी तक्रार चालू असल्यास आतड्याचा सी.टी. स्कॅन करतात. गिळायच्या कॅमेऱ्याची गोळीही असते. मात्र आतडे अरुंद झाले असेल तर ती अडकू शकते.

लक्षणे ही: जेवणानंतर बेंबीभोवती कळ येणे, पोट फुगणे, वजन घटणे, डांबरासारखा काळा शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळा होतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत.

यातील एका सावकाश वाढणाऱ्या गाठीला १९०७ साली जर्मन डॉक्टर ओबर्नडॉर्फर यांनी 'कार्सिनॉइड' नाव दिले. ती यकृतात पसरली की चेहरा एकाएकी लाल होतो व जुलाब लागतात. नट इरफान खान यांनी २०१८ साली याच कुळातील गाठ झाल्याचे जाहीर केले होते. २०२० साली मुंबईत त्यांचे निधन झाले. या गाठीसाठी २४ तासांची लघवी तपासतात. त्याआधी केळी, टोमॅटो, वांगी खाऊ नयेत, नाहीतर निकाल चुकतो.

आपल्याकडे आतड्याचा क्षयही आढळतो व त्याची लक्षणे अशीच असतात. म्हणून शक्य तेथे तुकडा काढून तपासल्यावरच रोग ठरवावा. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. गुण नसल्यास डॉक्टरांना पुन्हा विचारावे.

गाठ पसरण्यापूर्वी सापडली तर शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येते. पोट फुगून उलट्या होत असतील आणि शौच व वारा दोन्ही बंद असतील, तर झाडपाल्यात वेळ न दवडता त्याच दिवशी आदिलाबादचे रिम्स किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. जुने सर्व कागद सोबत न्यावेत.