यीस्टच्या डीएनएतला पीळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या बाराव्या गुणसूत्रावर रायबोझोमल आरएनएची जनुके एकापुढे एक ओळीने असतात. सुमारे ९,१०० बेसजोड्यांचा तोच तुकडा साधारण १५० वेळा येतो. वाढत्या पेशीतल्या एकूण आरएनए-निर्मितीपैकी जवळपास ६० टक्के इथेच होते. डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या टोपोआयसोमरेज एन्झाइमांचा कस म्हणूनच इथे लागतो.

ही एन्झाइमे फक्त डीएनएची नक्कल होतानाच लागतात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात नुसते जनुक वाचतानाही त्यांच्यावाचून भागत नाही. ही जनुके वाचणारे एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज-१, वाढत्या आरएनएचे लोढणे घेऊन सरकते. त्याला डीएनएभोवती गरगर फिरता येत नाही, म्हणून डीएनएलाच फिरावे लागते: साडेदहा बेसजोड्यांमागे एक वेढा, म्हणजे अख्ख्या जनुकासाठी सहाशेहून अधिक. दोन पदरी दोरीत बोट घालून पुढे रेटावे तसा पुढचा पीळ घट्ट होतो आणि मागचा सैल पडतो.

टोपोआयसोमरेज-१ (टॉप-१) काढले तरी यीस्ट जगते, टोपोआयसोमरेज-२ (टॉप-२) काढले तर मरते. त्यावरून टॉप-१ बिनकामाचे ठरवणे मात्र घाईचे आहे. टॉप-२ अत्यावश्यक ठरते ते मुख्यतः विभाजनाच्या वेळी एकमेकांत अडकलेली गुणसूत्रे सोडवण्यासाठी. टॉप-१ डीएनएचा एकच पदर कापून पीळ सोडते आणि पुन्हा जोडते. टॉप-२ दोन्ही पदर कापते आणि त्यासाठी एटीपी खर्च करते. दोन्ही एकदम निकामी केली की रायबोझोमल आरएनएची निर्मिती कोसळते, हे १९८७ मध्ये दिसून आले. पण दोघांचे काम एकच आहे, असेही नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टॉप-१ नसलेल्या पेशींत पॉलिमरेजमागे डीएनएचे पदर सुटून फुगे आलेले दिसतात. मागचा सैल ताण मुख्यतः टॉप-१ आवरते, पुढचा घट्ट पीळ टॉप-२. सैल पडलेल्या पदरांना ताजा आरएनए चिकटून बसतो आणि मागून येणारी पॉलिमरेजे अडकतात.

पीळ साचला तर फार तर वेग मंदावेल, हा समजही अपुरा आहे. १९८९ च्या एका प्रयोगात दोन्ही एन्झाइमे तोकडी पडलेल्या यीस्टमध्ये या जनुकांचा निम्म्याहून अधिक साठा गुणसूत्रातून सुटून वर्तुळांच्या रूपात वेगळा झालेला आढळला. नवलाची गोष्ट म्हणजे दोहोंपैकी कोणतेही एक एन्झाइम परत पुरवताच ती वर्तुळे पुन्हा गुणसूत्रात जाऊन बसू लागली.

शेवटचा गोंधळ औषधांबाबतचा. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडणारे कॅम्प्टोथेसिन टॉप-१ बंद पाडून पेशी मारते, असे म्हटले जाते. खरे तर ते एन्झाइमला कापलेल्या डीएनएवरच जखडून ठेवते, आणि नक्कल करणारी यंत्रणा त्या अडथळ्यावर आदळली की दुहेरी तुटी पडतात. टॉप-१ चे जनुकच नसलेले यीस्ट म्हणूनच या औषधाला दाद देत नाही.